चौदा सूत

भोरहून कापूरहोळकडे निघालं की गाव संपता संपता वेल्डिंगची दुकानं लागतात. ग्रिल, गेट, ट्रॉलीचे साटे, पाण्याच्या टाकीचे घोडे, सगळं रस्त्याच्या कडेला लाल प्रायमर लावून उभं. त्यात एक वस्तू ओळखू येईना. अँगलचा चौकोनी सांगाडा, कंबरेएवढा उंच, आत आडव्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचे काळे तुकडे नीट कापून चिकटवलेले. शेजारी एक तरुण टेप लावून पुन्हा पुन्हा तेच माप घेत होता आणि वेल्डरवर वैतागत होता. आतली रुंदी दोन सूत कमी भरत होती.

दुसऱ्याचं काम बघत उभं राहणं हा माझा जुना छंद. पोरगा साउंडवाला निघाला. लग्न, वरात, जत्रा, गणपती. पिकअपमध्ये मागे बेस, वर टॉप, आणि मधल्या या सांगाड्यात मशीन. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, हे या धंद्यात वेगळं सांगावं लागत नाही.

‘‘ट्यूब कशाला रे?’’

‘‘हादरा खायला, काका. रस्ता बघताय ना वेल्ह्याचा? आणि रस्ता बरा असला तरी बेस लागल्यावर पत्रा नाचतोच. नटं आपोआप ढिली होत्यात. म्हणून डबल नट टाकतो.’’

डीजेच्या भिंती मला सोसत नाहीत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा छापलेली आहे. वरातीपुढे ती कोण वाचून दाखवणार? पण त्या सांगाड्यात मला खोट काढता येईना. जड मशीन तळाला. दोन मशिनांमध्ये हवेला जागा. मागची बाजू मोकळी, म्हणजे वायरींना हात पोचतो. परदेशातले हौशी लोक ज्या गोष्टींवर जन्मभर वाद घालतात त्या या पोराने पिकअपच्या हौद्यात मिटवून टाकल्या होत्या.

तो ज्या दोन सुतांसाठी भांडत होता तो हिशेब फार लांबून आलेला आहे. अशा सांगाड्यात बसणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीची रुंदी जगभर 19 इंच असते. हे माप मुळात गाण्याचं नव्हेच, टेलिफोनचं. अमेरिकेत एक्स्चेंजमधले रिले एकावर एक बसवायला जे लोखंडी सांगाडे केले, त्यांचं ते माप. पुढे रेडिओ केंद्रांनी ते उचललं, मग स्टुडिओंनी, मग कॉम्प्युटरवाल्यांनी, मग वरातीने. उंचीचंही ठरलेलं आहे: एक घर पावणेदोन इंचांचं. एका यंत्राने एक घर घ्यावं, दोन घ्यावीत, तीन घ्यावीत, पण सव्वा घर घेऊ नये. पावणेदोन इंच म्हणजे बरोबर चौदा सूत. आठ सुतांचा इंच मानणाऱ्या आपल्या सुताराला ते माप शिकवावं लागत नाही.

माझ्या घरचं सामान या पोराच्या मानाने किरकोळ. एक अॅम्प्लिफायर, एक तबकडीचं यंत्र, कॅसेट डेक, सीडी प्लेयर, आणि या सगळ्यांहून जड असा व्होल्टेज स्टॅबिलायझर. वेल्ह्याकडे (आता सरकारदरबारी तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण एसटीच्या रांगेत अजून वेल्हेच ऐकू येतं) विजेचा दाब दिवसातून किती रंग बदलतो ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. हे सगळं शिसवी टेबलावर दाटीवाटीने बसलेलं होतं. अॅम्प्लिफायरच्या पाठीवर डेक, डेकच्या पाठीवर पुस्तकं. तापलेला अॅम्प्लिफायर वरच्याला भाजत होता आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर शेजारच्या तबकडीच्या सुईत गुणगुणत होता. तबकडीच्या सुईतून येणारा विद्युत्प्रवाह इतका नाजूक असतो की शेजारी ट्रान्सफॉर्मर ठेवला की त्याची पन्नास हर्ट्झची घरघर त्यात मिसळतेच. हातभर अंतर ठेवणं हाच त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय. अंतर हवं म्हणजे मजले हवेत.

बाजारात मिळतात ते टीव्हीचे स्टँड. भुश्याच्या दाबलेल्या फळीवर लाकडाचं चित्र चिकटवलेलं. आमच्याकडच्या एका पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. मला दुसराच प्रकार करायचा होता. जगभरच्या घरगुती कारागिरांचा तो आवडता आहे: चार उभ्या आटे पाडलेल्या सळया, त्यांवर फळ्या ओवायच्या, प्रत्येक फळीच्या वर-खाली वायसर आणि नट. बस. खिळा नाही, सरस नाही, सांधा नाही. उद्या नवं यंत्र आणलं तर पाना घ्यायचा आणि फळी चार बोटं वर सरकवायची. सहा सुताचे रॉड भोरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, जस्ताचा मुलामा दिलेले. काळे घेतले असते तर श्रावणापर्यंत गंजले असते. फळ्यांसाठी ऐन. एक जुनं घर उतरवलं होतं, त्याच्या तुळया विकायला होत्या. कैक वर्षं चुलीचा धूर खाल्लेलं लाकूड आता वाकायचं नाही की फाटायचं नाही, त्याला जे काही करायचं होतं ते त्याने केव्हाच करून घेतलंय. मात्र त्यात गाडलेले खिळे करवतीच्या पात्याचे दात काढतात.

सुतारमामांनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

‘‘म्हंजे मांडणीच की. भांड्यांची असती तशी.’’

‘‘तशीच.’’

‘‘दारं?’’

‘‘नाहीत.’’

‘‘मागं प्लाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्यात लाकडाचं काम काय ऱ्हायलं? हे नट दिसत्याल की सगळे.’’

दिसू देत, म्हटलं. त्यांना ते पटलं नाही आणि अजूनही पटलेलं नाही. ज्या घरात लोखंड दिसतं तिथे सुतार कमी पडला, असा त्यांच्या पिढीचा समज. चूक म्हणवत नाही.

तुळईची फळी निघाली तेव्हा तिच्या एका टोकाला खुंटीचं भोक सापडलं. ते मी बुजवू दिलं नाही. आत्याच्या घरी रेडिओची फळी अशाच भोकाच्या लाकडाची होती.

आत्याचं घर तोरण्याच्या बाजूला, भाताच्या खाचरांच्या वर. मातीच्या भिंती, हातभर जाड. वर कौलं आणि कौलांखाली माळा, माळ्यावर पेंढा. पडवीतून आत गेलं की डावीकडच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, पुरुषभर उंचीवर भिंतीत घुसवलेल्या दोन दांड्या आणि त्यांवर ती फळी. फळीवर रेडिओ, रेडिओवर आत्याने विणलेला जाळीचा रुमाल, आणि रुमालाखाली दडपलेलं पोस्टातून आणलेलं लायसन्स. तेव्हा रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. गावात वीज नव्हती. फळीखाली जमिनीवर विटेएवढी नव्वद व्होल्टची कोरडी बॅटरी असायची आणि ती उतरत आली की मामा बातम्यांशिवाय काही लावू देत नसत. मामा म्हणजे आत्याचे यजमान. बॅटरी पुण्याहून आणावी लागे आणि पुणे लांब होतं.

आकाशवाणीचं पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं, आणि 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिलला, तिथून ‘गीतरामायण’ सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांची चाल, वर्षभर चाललेली 56 गीतं. माझा जन्म त्यानंतरचा, पण आत्याने ते इतक्या वेळा सांगितलंय की ती फळी माझ्या डोळ्यांपुढे त्याच वर्षातली उभी राहते. त्या सकाळी बॅटरीचा नियम मोडायचा. फळी पुसायची, रेडिओला हळदकुंकू, एखादं फूल. आळीतल्या बायका पडवीत, पुरुष अंगणात उभे, आणि पोरांना आत जागाच नाही. ‘‘आवाज काय होता रे,’’ आत्या सांगायची, ‘‘घर भरून जायचं.’’ मी पुढे शहरात चांगल्यातली चांगली यंत्रं ऐकली आणि मनात म्हणायचो, एका छोट्या स्पीकरने घर कसलं भरतंय, म्हातारीची माया आहे ती.

ती माया नव्हती. मी शाळकरी असताना तोच रेडिओ त्याच फळीवर ऐकलाय आणि तो खरंच तसा वाजत असे. त्याची कारणं मला फार उशिरा कळली. खर्जाचे सूर यंत्रातून सगळ्या दिशांना पसरतात. यंत्र खोलीच्या मध्यात असलं तर ते विरून जातात, कोपऱ्यात असलं तर दोन्ही भिंती ते उचलून खोलीत परत फेकतात. त्या जुन्या रेडिओंची पाठ उघडी असायची, म्हणजे मागून निघणारा आवाजही कोपऱ्यातून वळून पुढे यायचा. आणि उरलेली खोली? शेणाने सारवलेली खरबरीत भिंत, भाताच्या कणग्या, दांडीवर टाकलेल्या गोधड्या, वर पेंढ्याचा थर. आजचे स्टुडिओवाले भिंतींना फोम आणि कापूस लावून पैसे घेतात, तो सगळा माल आत्याच्या घरात दर सुगीला ताजा येत होता. आवाज कुठे आपटून खणखणत नव्हता. गाणाऱ्याने श्वास घेतला तर तो कळायचा. भिंत ठोस, म्हणून फळी थरथरत नव्हती. फळीखाली बंद पोकळी नव्हती, म्हणून काही घुमत नव्हतं. आत्याने यातलं काही ठरवून केलेलं नव्हतं. कोपऱ्यात फळी मारली ती पोरांचा हात पोचू नये म्हणून.

ते घर पुढे पाडलं. स्लॅबचं झालं, खाली चकचकीत टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट. आतेभावाने मोठी म्युझिक सिस्टीम आणली, रिमोटची. त्याच्या घरी बोललं तरी शब्दाला शेपूट फुटतं. मी त्याला सांगितलं, निदान दोन गोधड्या टांग. तो म्हणाला, ‘‘दादा, पाव्हणे काय म्हणतील?’’

आता माझ्या मांडणीचे पाय. यंत्राला जमिनीपासून तोडायचं की जमिनीशी घट्ट बांधायचं, यावर दोन पंथ आहेत. तोडणाऱ्यांचा मूळपुरुष अमेरिकेतला एडगर व्हिल्चर. त्याने 1961 साली बाजारात आणलेल्या एआर तबकडी-यंत्रात फिरणारी तबकडी आणि सुईचा दांडा एका पट्टीवर बसवून ती पट्टी स्प्रिंगांवर अधांतरी ठेवली होती. दुधाचं शिंकाळं टांगतात तसं: खाली मांजर नाचो, मुंग्या येवोत, वरचं वरच. (1961 म्हटलं की आमच्या भागात दुसरंच आठवतं. 12 जुलैला वेल्ह्याकडचंच पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातल्या नदीकाठच्या वाड्यांत खालच्या फळीवर ठेवलेलं काही उरलं नाही. माझ्या एका काकांनी त्यानंतर आयुष्यभर तबकड्या डोक्याच्या वर ठेवल्या. त्यांच्या घराजवळून ओढासुद्धा जात नव्हता.) बांधणारे म्हणतात, अणकुचीदार लोखंडी पाय लावा, ओझं वाढवा, सगळं जमिनीत जिरवा.

माझं मत असं की आधी पायाखाली काय आहे ते बघावं. भोरातल्या जुन्या वाड्याच्या माडीवर, फळ्यांच्या जमिनीवर राहत असाल तर व्हिल्चरचं ऐका. तिथे कोणी पाण्याचा तांब्या घेऊन गेलं तरी सुई उडते. आंबवड्याच्या झुलत्या पुलावर उभं राहून ज्यांनी पलीकडून माणूस येताना पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. माझ्याकडे मातीच्या भरावावर शहाबादी फरशी आहे. तिच्यावर बैल नाचला तरी सुईला पत्ता लागत नाही. म्हणून चार रॉड सरळ फरशीवर टेकवले, खाली एकेक नट, तो फिरवून पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणला. ट्यूबचे तुकडे मात्र त्या पोराकडून शिकून लावले, फक्त डेकखाली. शास्त्र काय म्हणतं ते म्हणो, बरं दिसतं.

आमचा खरा शत्रू हादरा नाहीच, ओल आहे. जूनपासून घरात कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, हार्मोनियमचे सूर चिकटतात. तबकड्यांच्या कागदी पाकिटांना बुरशी धरते आणि ती खाचांत उतरली की गाण्यात फोडणी ऐकू येते. त्यासाठी मांडणीला मागे प्लाय नको होता. हवा खेळली पाहिजे. तबकड्यांच्या खणात सुतारमामांच्या सांगण्यावरून शून्याचा बल्ब लावलाय, तबलेवाले कपाटात लावतात तसा. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून त्या प्लास्टिकच्या नळीतून नेल्यात. पालीवर इलाज नाही. अॅम्प्लिफायर गरम असतो, तिला ऊब आवडते.

तसं पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं. माझ्या घरावर पत्रा आहे. आषाढात तो वाजायला लागला की मल्लिकार्जुन मन्सूरही ऐकू येणार नाहीत. मल्हाराच्या तबकड्या माझ्याकडे बऱ्याच आहेत आणि त्या मी मार्गशीर्षात ऐकतो.

मांडणी उभी राहिली. तळाला स्टॅबिलायझर, मग तबकड्यांचा खण, आतून तेरा इंच उंच, कारण तबकडी बारा इंचांची, पाकीट थोडं मोठं आणि बोट घालायला जागा हवी. ही फळी बाकीच्यांपेक्षा जाड घेतली. शंभर तबकड्यांचं ओझं वीस-पंचवीस किलोंच्या घरात जातं आणि ते सगळं एका ओळीत बसतं. त्यावर अॅम्प्लिफायर एकटाच, ऐसपैस. मग डेक आणि सीडी. सगळ्यांत वर तबकडीचं यंत्र.

आता भांडण तबकड्या लावण्यावरून आहे. माझे एक मित्र आडनावांच्या क्रमाने लावा म्हणतात. ते बँकेत होते. मला रागांच्या वेळेने लावायच्या आहेत, डावीकडे पहाट, उजवीकडे उत्तररात्र, म्हणजे हात आपोआप योग्य जागी जातो. पण कंपन्यांनी दोन बाजू भरताना घड्याळ पाहिलेलं नाही. किशोरी आमोणकरांची ती तबकडी घ्या, एका बाजूला जौनपुरी, दुसऱ्या बाजूला पटबिहाग. एक सकाळचा, एक रात्रीचा. कुठे उभी करायची? मी हे मोठ्याने म्हणत होतो आणि सुतारमामा शेवटचा नट आवळत होते.

‘‘दोन आणायच्या,’’ ते म्हणाले. ‘‘एक हिकडं, एक तिकडं. जागा ऱ्हायलीच हाय की.’’