बद्द आवाज

वसमतच्या मावशीला मी घडवलेल्या सहा वाट्या दिल्या होत्या. महिन्याभरानं गेले तर तिनं त्यातली एक माझ्यापुढं ठेवली. "घासून घासून हात दुखले गं, पिवळेपण काही जाईना." पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपावर, हळदीची बारीक जाळी उमटली होती. रोज वरण वाढायची वाटी, आणि हळद वसमतची!

मी टिचकी मारली. वाटी बद्द वाजली.

भट्टी उघडली त्या दिवशी मी एकाही वाटीला टिचकी मारली नव्हती, याची फार लाज वाटली. नामदेवांची नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली, नामदेवांना कच्चं ठरवलं, मग ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले, ही कथा मी लहानपणापासून ऐकलेली. कीर्तनात ती अहंकाराची कथा असते. मला मावशीपुढं बसून त्यात कुंभार दिसला. हातानं तपासल्याशिवाय पक्कं न म्हणणारा.

माझी वाटी कच्ची नव्हती, १२४० अंशांवर पुरती भाजलेली होती. चूक ग्लेझमध्ये होती. गार होताना ते खालच्या मातीपेक्षा जास्त आकसलं, ताणलं गेलं आणि तडकलं. मग मी सोडा फेल्डस्पार कमी केलं, क्वार्ट्झ वाढवलं. प्रत्येक नमुना उकळत्या पाण्यातून काढून थेट बर्फाच्या पाण्यात टाकायचा, नंतर रात्रभर हळदीच्या पाण्यात. चौथं मिश्रण टिकलं.

इथली काळी माती का वापरत नाही, असं सगळे विचारतात. ती वाळताना फार आकसते, ताटाला चिरा पडतात. चुनखडीचा खडा राहिला तर भाजल्यानंतरही तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि टवका उडवतो. म्हणून भांड्याची माती बाहेरून मागवते. शेतातली काळी माती मात्र वस्त्रगाळ करून ग्लेझमध्ये घालते. तिच्यातल्या लोहानं येणारा तपकिरी रंग मला फार आवडतो.

नव्या सहा वाट्या घेऊन गेले. मावशीनं आयुष्यभर बाजारातून माठ वाजवून घेतलेले. तिनं एकेका वाटीला टिचकी मारली. पाचवीपाशी थांबली, पुन्हा मारली.

"ही वेगळी वाजती."

मला फरक कळला नाही. तरी ती परत आणली, रात्रभर हळदीच्या पाण्यात ठेवली. सकाळी बुडाशी एक पिवळी रेघ होती.