नांव आणि आंकडा

शाळा उघडली त्याच आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले. रामटेकच्या गडाच्या पायथ्याशीं त्यांचें लहानसें दुकान आहे. मुलगा नववींत गणितांत कसाबसा उत्तीर्ण झाला होता. आणि नागपुरच्या कोणा अंकशास्त्र्यानें असें निदान केलें होतें कीं दोष अभ्यासाचा नसून नांवाचा आहे, इंग्रजी नांवांत एक 'ए' वाढविला म्हणजे अंक पालटेल. दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीं शाळेच्या दप्तरीं तेवढें अक्षर घालून द्यावें, अशी त्यांची विनंती होती. "एका अक्षराचं तर काम आहे, सर," ते म्हणाले. मुलगा दाराशीं खालीं मान घालून उभा होता.

नियमांची अडचण आम्हीं प्रथम सांगितली नाहीं. कागद पुढें ओढून त्यावर, गडावर ज्यांचें मंदिर आहे त्या रामाचेंच नांव लिहिलें. कीरो या आयरिश भविष्यवेत्त्याच्या कोष्टकानें आर २, ए १, एम ४; बेरीज ७. शेवटीं आणखी एक 'ए' जोडला तर ८. इंग्रजी अक्षरांस १ ते ९ असे क्रमानें आंकडे देणारें दुसरें कोष्टक आहे. त्यानें तेंच नांव ५ होतें, आणि 'ए' जोडल्यास ६. आतां देवनागरींत पाहावें, तर आपल्या जुन्या कटपयादि रीतीप्रमाणें र म्हणजे २, म म्हणजे ५. उजवीकडून वाचल्यास ५२. "यांतील रामरायाचा खरा अंक कोणता?" असें आम्हीं विचारलें. ते हंसले. कटपयादीचा उपयोग ज्योतिषी मंडळी मोठमोठ्या संख्या श्लोकांत बांधून पाठ करण्यासाठीं करीत. कर्नाटक संगीतांतील ७२ मेळांच्या नांवांत त्यांचा अनुक्रमांक आजही याच रीतीनें दडलेला आहे.

शिक्षकास श्रोता मिळाला कीं तो थांबत नाहीं. जेथें अक्षरें हींच अंकचिन्हें होतीं, तेथें नांवाची बेरीज करण्याचा छंद लागणारच, हें आम्हीं त्यांस समजावून दिलें. इब्री भाषेंत दावीद या नांवाची बेरीज १४ होते, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशूची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत मांडली आहे. प्रकटीकरणांतील ६६६ ही संख्या नीरो कैसराच्या नांवाची, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. कांहीं जुन्या हस्तलिखितांत तेथें ६१६ आहे, कारण नांवाच्या लॅटिन रूपांत शेवटचा न गळतो आणि त्याचे ५० जातात. एक अक्षर गेल्यानें नीरो कांहीं सुधारला नाहीं!

आपल्या लोकांनीं आंकड्यापेक्षां आद्याक्षर पाहिलें. नक्षत्रें २७, प्रत्येकाचे चरण ४, म्हणून अक्षरें १०८. बाळ ज्या चरणावर जन्मलें त्याचें अक्षर बारशास घ्यावयाचें. परंतु ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें दगडू, धोंडू, केरू हींच नांवें. असल्या वस्तूस मृत्यु कशाला हात लावील, हा आईचा हिशेब. आमचे पणजोबा दगडूजी असेच, दोन भावांच्या पाठीवरचे. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांस शास्त्रांतील नवें नांव सुचविलें गेलें, तें त्यांनीं घेतलें नाहीं, "आईनं ज्या नांवाखालीं मला लपविलं, तें कसं टाकूं?" असें ते म्हणाल्याचें आमच्या घरीं सांगतात. नारायण वामन टिळकही १८९५ सालीं ख्रिस्ती झाले ते नारायण वामनच राहिले.

मुलींचें नांव मात्र दुसऱ्यांच्या हातीं. लग्नांत तांदुळांच्या ताटांत अंगठीनें नवें नांव लिहिलें कीं जुनें मिटलें. येथून जवळच्या नगरधनाहून, म्हणजे प्राचीन नंदिवर्धनाहून, राज्य करणाऱ्या वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेनें आपल्या ताम्रपटांत पतीचें विष्णुवृद्ध गोत्र न लावतां पित्याचें धारण गोत्र लाविलें, ही पांचव्या शतकांतील गोष्ट वर्गांतील मुलींस फार आवडते. आणि सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं २५० हून अधिक मुलींस समारंभपूर्वक नवीं नांवें द्यावीं लागलीं, कारण आईबापांनीं त्यांस 'नकोशी' म्हणूनच वाढविलें होतें. अशा नांवाची बेरीज कितीही शुभ आली, तरी रोज ती हांक ऐकणाऱ्या पोरीनें काय करावें?

"म्हणून सांगतों," आम्ही पालकांस म्हणालों, "मूल म्हणजे आंकडा नव्हे."

इतक्यांत दारांतून आवाज आला, "पण सर, तुम्ही तर मला सतरा नंबरच म्हणतां."

बापानें त्यास दटावलें. आम्हांस मात्र कांहीं सुचेना. वर्ग मोठे, तासिका लहान, म्हणून गेलीं अठरा वर्षें आम्ही हजेरी आंकड्यांनींच घेत आलों, एक, हजर, दोन, हजर. त्याचें नांव अर्जावर वाचल्यावांचून आम्हांसही त्या क्षणीं आठवलें नसतें.

अर्ज ते परत घेऊन गेले. पुन्हा आणतील किंवा न आणतील. दुसऱ्या दिवशीं आम्हीं नांवांनीं हजेरी घेतली. चार मिनिटें अधिक गेलीं, दोन नांवांचा उच्चार चुकला, मुलें हंसलीं. सतराव्या नांवाशीं आलों तेव्हां उत्तर येण्यास किंचित् विलंब लागला. तो इकडेतिकडे पाहत होता.