निदान आधी, दुरुस्ती नंतर

वर्सोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत खाडी ओलांडून माणूस मढला पोहोचतो. मुंबईच्या हद्दीत असूनही या वस्तीने आपले गावपण पुरते सोडलेले नाही. माडांच्या सावलीत अजूनही एखादी विहीर दिसते आणि एखाद्या वाडीतून पंपाचा आवाज ऐकू येतो. याच भागात एका मिस्त्रींचे उभे आयुष्य डिझेल इंजिने आणि पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात गेले. वय बासष्ट, शिक्षण जेमतेम सातवी. पण कान असा तयार, की बंद पडू पाहणाऱ्या इंजिनाची कुरकुर त्यांना मालकाच्या कितीतरी आधी कळे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आल्या आल्या पान्याला हात घालायचा नाही. प्रथम मालकाला विचारायचे, त्रास केव्हापासून आहे, सुरू करतानाच होतो की भार पडल्यावर? मग धुराचा रंग पाहायचा. काळा धूर असेल तर हवेची जाळी तुंबली असेल किंवा डिझेल जास्त जात असेल. निळा असेल तर वंगणतेल जळते आहे, बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. शेवटी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून ऐकायचे. शिकाऊ मुलांना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत, “इंजिन सुरू झाले म्हणजे दुरुस्त झाले, असे समजू नका.”

अशा माणसाला स्वतःचा खोकला मात्र दोन महिने ऐकू आला नाही. संध्याकाळी अंगात कणकण असे, रात्री घामाने उशी भिजे, सदरा सैल पडू लागला होता. “डिझेलच्या धुरात जन्म गेला, खोकला येणारच,” एवढे बोलून ते विषय संपवीत. पत्नी मात्र गप्प बसली नाही. “अहो, दुसऱ्याच्या पंपाला तुम्ही इतके प्रश्न विचारता, एकदा डॉक्टरांना तुम्हाला विचारू द्या,” असे म्हणून तिने त्यांना दवाखान्यात नेलेच.

डॉक्टरांनीही प्रथम विचारपूस केली. मग पाठीवर डाव्या हाताचे बोट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकून पाहिले. त्या स्थितीतही मिस्त्रींना हसू आले. “डॉक्टर, टाकीत डिझेल किती आहे ते आम्हीही असेच बघतो.”

त्यांचा अंदाज इतिहासाला धरूनच होता. ऑस्ट्रियाचे वैद्य लिओपोल्ड आवेनब्रुगर हे एका खाणावळ चालवणाऱ्याचे पुत्र. पिंप ठोकून त्यातील द्रवाची पातळी ओळखण्याची रीत त्यांनी लहानपणी पाहिली होती, असे सांगतात. छातीवर ठोकून आतील विकार ओळखण्याची पद्धत त्यांनी १७६१ मध्ये ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८१६ मध्ये फ्रान्समध्ये रेने लाएनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मिस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच कुळातला.

छातीचे क्ष-किरणचित्र काढले गेले, थुंकी तपासली गेली आणि क्षयरोगाचे निदान झाले. “काका, यात लाजण्यासारखे काही नाही. पण दोष धुरावर ढकलू नका,” डॉक्टर म्हणाले.

दोष भलत्याच ठिकाणी ढकलला की काय अनर्थ होतो, याचे एक उदाहरण मुंबईच्याच इतिहासात आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग पसरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी येथे प्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. परंतु ते सर्व १९ जण एकाच बाटलीतून टोचले गेले होते. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून लस घेतलेले लोक सुखरूप होते. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला, हे नंतर पुढे आले. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. बिघाड शोधताना ‘कुठे झाला’ याच्या जोडीला ‘कुठे झाला नाही’ हेही पाहावे लागते, हा त्यातला धडा.

आज हे काम संगणकही करू लागला आहे. हजारो क्ष-किरणचित्रे पाहून तो संशयास्पद छाया ओळखायला शिकतो. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेली क्युअर एआय ही कंपनी याच क्षेत्रात काम करते. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी अशा प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. ट्रॅक्टरच्या किंवा पंपाच्या बेअरिंगची थरथर नोंदवून, ती धडधाकट यंत्राच्या नोंदीशी ताडून बिघाड आधीच ओळखण्याचे संशोधनही त्याच वाटेने चालले आहे. मात्र संगणक केवळ संशय व्यक्त करतो. क्षयाची खात्री थुंकीच्या तपासणीनेच करावी लागते.

मिस्त्रींचे औषध सुरू झाले. सरकारी योजनेत ते विनामूल्य मिळते. शिवाय पोषणासाठीचे साहाय्य थेट बँक खात्यात जमा होते. २०१८ मध्ये ते दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. दोन महिन्यांत खोकला थांबला, भूक लागू लागली, वजन वाढले. तेव्हा एका सकाळी त्यांनी गोळ्या बाजूला सारल्या. “आता मी ठणठणीत आहे. कशाला हवे हे?”

खरा धोका याच वळणावर असतो. औषध मधेच सोडले तर उरलेले जंतू पुन्हा बळावतात. ते औषधाला दाद देईनासे झाले तर पुढील उपचार अधिक लांबतो आणि अवघड होतो. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, आणि तो पूर्णच करावा लागतो.

पत्नीने वाद घातला नाही. पाण्याचा पेला पुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, “इंजिन सुरू झाले म्हणजे दुरुस्त झाले, असे समजू नका.”

मिस्त्री क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुकाट्याने गोळ्या घेतल्या आणि पुढचे चारही महिने एक दिवस चुकवला नाही. मढच्या वाडीत आता पुन्हा त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला लागतो. फरक एवढाच, की शेजारी उभा असलेला कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर मिस्त्री इंजिन बंद करून आधी त्याची विचारपूस करतात.