कार्ल्याच्या लेण्यात व्यापाराचा तास

आमच्या वस्तीतील बुद्धविहारात दर रविवारी नववी-दहावीच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग भरतो. गणित, इंग्रजी, विज्ञान हे नेहमीचे विषय. यंदा आम्ही कार्यकर्त्यांनी ‘जागतिकीकरण आणि परदेशी व्यापार’ हा विषयही घ्यायचे ठरविले. कारण साधे होते. यांपैकी बऱ्याच मुलांचे आईवडील चाकण-तळेगावच्या कारखान्यांत आणि गोदामांत कंत्राटावर राबतात. परदेशी जाणारा माल रोज त्यांच्या हातांखालून जातो. पण त्याविषयी घरात कधी चर्चा होत नाही.

पहिल्या दोन रविवारी आम्ही भाषणे केली. १९९१ चे नवे आर्थिक धोरण, सरकारी उद्योगांचे खासगीकरण, त्यामुळे आकसत गेलेल्या राखीव जागा, कायम नोकरीच्या जागी आलेले कंत्राट. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तरी मुले जांभया देत होती. शेवटी दहावीतील एक मुलगी उठून म्हणाली, “सर, हे सगळं वाईट झालं ते कळलं. पण मग आम्ही शिकायचं काय, ते सांगा की!”

आमच्यापाशी धड उत्तर नव्हते. तेव्हा तिसऱ्या रविवारी फळा विहारातच ठेवला आणि तीस मुलांना घेऊन शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली.

गाडी देहूरोडला थांबली तेव्हा आम्ही मुलांना खिडकीशी बोलावले. वाचक बंधू-भगिनींना हे स्थान नव्याने सांगायला नकोच. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी येथील विहारात स्वहस्ते बुद्धमूर्ती बसविली. ती मूर्ती रंगूनहून आलेली. एका चिरंजीवांनी लगेच विचारले, “म्हणजे ती पण बोटीनं आयात केलेली का?” सगळा डबा हसला. पण प्रश्न चांगला होता. वस्तू देशोदेशी फिरतात तशी माणसे आणि विचारही फिरतात, एवढे त्या पोराने आमच्या दोन भाषणांच्या आधीच ओळखले होते.

मळवलीला उतरून इंद्रायणी ओलांडली, जुना महामार्ग ओलांडला आणि कार्ल्याच्या डोंगराला लागलो. ज्यांना कुटुंबासह जायचे असेल त्यांनी सकाळची लोकल धरावी, पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात आणि रविवारी गर्दीची तयारी ठेवावी. लेण्याच्या दारातच एकवीरेचे मंदिर असल्याने नवस फेडणाऱ्यांची रांग थेट पायऱ्यांपर्यंत येते. ढोल, नारळ, पेढ्यांची दुकाने यांतून वाट काढत आम्ही वर पोहोचलो. पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे. पंधरा वर्षांखालील मुलांना ते पडत नाही.

आणि मग चैत्यगृहात पाऊल टाकले की बाहेरचा गलबला मागे राहतो. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद अशी ही जागा एका अखंड डोंगरातून कोरून काढलेली आहे. छताला लाकडी कमानी आहेत, त्याही त्या काळच्या. समोर स्तूप आणि त्यावर लाकडी छत्र. मुलांनी न सांगता चपला बाजूला काढल्या. हलक्या आवाजात त्रिसरण-पंचशील झाले.

त्यानंतर तास सुरू झाला. खांबांवर आणि दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. भाषा प्राकृत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे हे लेख म्हणजे दानाची नोंदवहीच होय. कोणी दिले, कुठल्या गावचा, धंदा काय, काय दिले. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील आजच्या बनवासीचा श्रेष्ठी भूतपाल. हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे तो अभिमानाने लिहवून घेतो. धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेले किंवा त्या मुळाचे लोक. त्यांनी एकेक खांब दिला. सोपाऱ्याहून आलेला भाणक सातिमित. अत्तराचा धंदा करणारा सिंहदत्त, याने दार दिले. आणि ते दार ज्याने घडविले तो सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा.

“सुताराचं नाव लिवलंय?” मघाच्याच मुलीने विचारले. तिचे वडील सुतारकाम करतात. लिहिले आहे म्हटल्यावर ती पुन्हा मागे गेली आणि दाराशी बराच वेळ उभी राहिली.

हे यवन इथे डोंगरात कशाला आले, याचे उत्तर खाली दिसत होते. बोरघाटाची वाट. कोकणातील बंदरांतून माल घाट चढून पैठण आणि तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथवर जाई आणि तिकडचे कापड उतरून बंदरावर येई. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण, तगर ही नावे आहेत. बाहेरून मद्य, तांबे, कथील, पोवळे येत होते. वाटेवर विहार होते, त्यांना व्यापारी आणि कारागीर दान देत होते. बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी प्रबंध लिहिला तो ‘प्राचीन भारतीय व्यापार’ याच विषयावर, हे मुलांना सांगितले. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते वाणिज्य शाखेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवू लागले. घटना सर्वांना ठाऊक आहे; हे मात्र आमच्या मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. दोष मुलांचा नाही, आमचा.

झाडाखाली डबे उघडले. भाकरी, ठेचा, कोणाकडे अंड्याची पोळी. जेवता जेवता आम्ही कोल्हापुरी चपलेचे उदाहरण काढले. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले; महाराष्ट्र आणि कर्नाटकातील मिळून आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीने तशाच घाटाची चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला : २००० जोड येथे बनवायचे आणि जोडाला ८०० युरोंच्या आसपास किंमत लावायची. चामडे कमावणारे हात कोणाचे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

“मग बनवणाऱ्याला किती?” पुन्हा तोच सरळ प्रश्न. आम्ही म्हटले, ते करारात काय लिहिले त्यावर ठरते. म्हणूनच करार वाचता आला पाहिजे. मग वहीत हिशेब घातला. समजा, तुम्ही २०० जोड वीस डॉलरने विकले. चार हजार डॉलर झाले. डॉलर ९० रुपये असेल तर हाती ३,६०,०००, आणि पैसे येईपर्यंत तो ८० वर आला तर ३,२०,०००. चाळीस हजार गेले, आणि चामडे तर उधारीवर घेतलेले! मुलांचे चेहरे खरोखरच उतरले. ‘रुपयाचा प्रश्न’ हा १९२३ चा बाबासाहेबांचा ग्रंथ याच गुंत्याचा आहे. रुपया घसरला की बाहेर माल विकणाऱ्याचे साधते. पण महागाई वाढते, मजुरी तेवढी वाढत नाही आणि मजुराच्या ताटातली भाकरी कमी होते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

एफओबी म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची जबाबदारी विकणाऱ्याची. सीआयएफ म्हणजे पलीकडच्या बंदरापर्यंतचे भाडे व विमाही त्याच्याच माथी. आयात-निर्यात करायची तर परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाचा कोड लागतो. तो पॅनवरून मिळतो, शुल्क ५०० रुपये, आणि एकटा माणूसही तो काढू शकतो. एवढेच सांगितले. उन्हात याहून जास्त कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

परतताना मळवली स्टेशनाच्या पलीकडे, भाजे लेण्यांच्या वाटेवर द्रुतगती मार्गावरचा पूल आहे, तेथे थांबलो. खालून कंटेनर घाटाकडे, न्हावा-शेवा बंदराकडे धावत होते. कंटेनरचा नंबर कसा वाचायचा, हे आम्ही पाठ करून आलो होतो : चार अक्षरे, त्यातली पहिली तीन मालकाची, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत तपासणीचा एक आकडा.

तेवढ्यात कधीही न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “सर, नंबर नुसता वाचून उपयोग नाय. दाराला सील असतं. त्याच्यावरचा नंबर आन् कागदावरचा नंबर सारखा पायजे. नायतर बंदरावर माल अडकतो.”

“तुला कोणी सांगितलं?”

“पप्पा भरतात ना कंटेनर. एकदा नंबर चुकला होता. चूक ऑफिसातल्याची, पण दोन दिवसांचा पगार पप्पांचा कापला.”

कोणीच काही बोलले नाही. मग आमच्यातील एकाने त्याला पुढे बोलावले आणि उरलेला तास त्यानेच घेतला. माल आत कसा रचतात, वजन एका बाजूला गेले तर काय होते, ओल लागू नये म्हणून आत काय टांगतात. पप्पांना तो कागद वाचता येत नाही, हेही त्याने सांगून टाकले. इंग्रजीत असतो म्हणून.

पुढच्या रविवारी वडिलांनाही वर्गाला आण, असे आम्ही त्याला सांगितले. येतील की नाही ते पाळीवर अवलंबून, असे तो म्हणाला.

लोकल उशिरा होती. मळवलीच्या फलाटावर बसलो असताना समोरून कंटेनरची लांबलचक मालगाडी आली. तीस मुले उभी राहून ओरडत नंबर वाचू लागली. स्टेशनवरचे लोक पाहत राहिले. सुताराची मुलगी तेवढी बाकावर बसून होती. तिने वहीत आडव्या ओळी आखल्या होत्या : नाव, गाव, धंदा, काय दिले. पहिल्या ओळीत सामी लिहून झाला होता. दुसऱ्या ओळीत ती आपल्या वडिलांचे नाव लिहीत होती.