मैलांच्या हिशेबातलं सिंगापूर

पैसे मोजून तिकीट काढणारा माणूस आधी रजा टाकतो आणि मग विमान बघतो. मैलांवर जाणाऱ्याचं उलटं असतं. विमान कंपनी अशा प्रवाशांसाठी मोजक्या जागा सोडते, आणि मे महिना, दिवाळी, नाताळ जवळ आले की त्याही दिसेनाशा होतात. म्हणून मी आणि माझी मावशी सिंगापूरला गेलो ते ऐन आषाढात. शाळा सुरू झालेल्या, लग्नं आटोपलेली, डोंबिवली स्टेशनबाहेर घोटाभर पाणी. जायचा दिवस मंगळवार आणि परतीचाही कामाचाच वार. नोकरी करणारं कुणी सोबत यायला तयार होईना. मावशी तयार झाली, कारण ती निवृत्त आहे आणि तिला उन्हाचं काही वाटत नाही.

मावशीने आयुष्यभर राष्ट्रीयीकृत बँकेत काम केलं. त्यातली बरीच वर्षं कॅश काउंटरवर. ‘फुकट विमानप्रवास’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले तेव्हा तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“फुकट कसलं? तू दुकानात आधीच जास्त मोजलेल्या पैशांतले हे परत आलेले सुटे आहेत. पर्समध्ये ठेवून विसरलीस तर गेले.”

तिचं म्हणणं चूक नाही. क्रेडिट कार्डावर खर्च केला की बँक पॉइंट देते, आणि त्यांचा पैसा शेवटी दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून आणि कार्ड फिरवत ठेवणाऱ्यांच्या व्याजातून येतो. ज्याला महिन्याचं बिल पूर्ण भरता येत नाही त्याने या खेळात उतरूच नये. बिल थकलं की बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने ४२. कुठलेही मैल ते भोक बुजवू शकत नाहीत. हे मावशीचं वाक्य, मी फक्त लिहून घेतलं.

माझे पॉइंट साठले ते किराणा, विम्याचा हप्ता, भाचीचा लॅपटॉप आणि भावाचा फ्रीज यांतून. फ्रीज कार्डावर मी घेतला आणि भावाने त्याच संध्याकाळी मला यूपीआयने पैसे पाठवले. घरभाडं, पेट्रोल, वॉलेट भरणं यांवर हल्ली बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, नाहीतर वर शुल्क लावतात. त्यामुळे ‘सगळं कार्डावर टाका’ हा सल्ला जुना झाला. साठलेल्या पॉइंटचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. बँकेच्या कॅटलॉगमध्ये इस्त्री होती, डिनर सेट होता, गिफ्ट व्हाउचर होतं. मावशीने इस्त्रीची बाजारातली किंमत आणि तिला लागणारे पॉइंट यांचा भागाकार केला आणि कॅटलॉग बाजूला सारला. तेच पॉइंट विमान कंपनीकडे वळवले तर दर पॉइंटला कितीतरी जास्त मिळत होतं. अर्थात विमानात बसायची इच्छा असेल तरच. इस्त्री हवी असेल तर इस्त्री घ्यावी.

पॉइंट विमान कंपनीकडे गेले की त्यांचे मैल होतात. १९८१च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना सुरू केली तेव्हा माणूस जितका उडे तितके मैल त्याच्या खात्यात जमा होत. आता उडण्याचा आणि मैलांचा संबंध राहिलाय तो नावापुरता. मुंबई ते सिंगापूर अंतर आहे अडीच हजार मैलांहून थोडं कमी, तिकिटाला मात्र त्याच्या कितीतरी पट मैल लागतात. माझ्या खात्यातले बहुसंख्य मैल डोंबिवली पूर्वेतल्या स्वयंपाकघरातून आलेले.

यातला एक नियम मात्र मनात पक्का ठेवावा लागतो: पॉइंट विमान कंपनीकडे गेले की बँकेत परत येत नाहीत. म्हणून आधी जागा शोधायची, ती दिसली की मगच पॉइंट वळवायचे. काही बँकांकडून ते लगेच पोचतात, काहींकडून दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा दुसरा कुणीतरी उचलतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत प्रवासाच्या ३५५ दिवस आधीपासून जागा दिसतात. तिथले मैल तीन वर्षांनी संपतात, आणि आपल्या खात्यावर पाच जणांना नॉमिनी करून त्यांचं तिकीट काढता येतं. मावशीचं नाव मी नॉमिनी म्हणून घातलं तेव्हा ती म्हणाली, “नॉमिनी माणूस मेल्यावर लागतो ग.” तरी पासपोर्टचा नंबर दिला.

मैलांत न बसणाऱ्या गोष्टीही होत्या. दोन्ही विमानतळांचे कर आणि शुल्कं रोख भरावी लागली. व्हिसाचे माणशी ३० सिंगापूर डॉलर, शिवाय एजंटाचे वेगळे, कारण अर्ज आम्ही अधिकृत एजंटामार्फत केला. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. ते भरून देतो म्हणून पैसे मागणारी संकेतस्थळं शोधताना आधी वर येतात. तिथे मावशीने माझा माउस धरून ठेवला होता.

सिंगापूरमध्ये सगळ्यात महाग असतं ते डोक्यावरचं छप्पर. इथे मी दुसऱ्या योजनेचे पॉइंट वापरले. फ्रेंच कंपनी अकॉरच्या हॉटेलांत २,००० पॉइंट म्हणजे ४० युरोची सूट, असा सरळ भाव आहे. त्यात फार मोठं घबाड कधी मिळत नाही, पण डोकंही फिरत नाही. आमच्या पॉइंटमध्ये बसेल असं त्यांचं हॉटेल निघालं बेनकूलन रस्त्यावरचं आयबिस. खोली एवढी की एकीने बॅग उघडली तर दुसरीने पलंगावर पाय वर घ्यायचे. खाडीकडचा देखावा नाही, पोहण्याचा तलाव नाही. आमच्याच पैशांनी जागा निवडली असती तर या भागाकडे मी वळूनही पाहिलं नसतं. आणि सबंध सिंगापुरात आम्हाला सगळ्यात जास्त काही मिळालं ते याच भागात.

पहाटे चांगीला उतरलो, घड्याळं अडीच तास पुढे केली आणि मेट्रोने शहरात आलो. तिथे मेट्रो किंवा बसला वेगळं कार्ड काढायची सक्ती नाही, आपलं बँकेचं कार्ड दाराशी टेकवलं तरी चालतं. फक्त बाहेरच्या देशातलं कार्ड असेल तर वरचे आकार लागतात. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी बसतो, म्हणजे चार टक्क्यांच्या वर. पॉइंट मिळतील दीड-दोन टक्क्यांचे आणि जातील चार. तिथे पॉइंटांचा मोह सोडून दिला आणि मार्कअप नसलेलं कार्ड वापरलं.

हॉटेलपासून चालत काही मिनिटांवर वॉटर्लू स्ट्रीट आहे. क्वान इम देवीचं चिनी मंदिर आणि त्याच्या शेजारी १८७० सालचं श्रीकृष्णाचं मंदिर. क्वान इमपुढे उदबत्त्या लावून झाल्या की चिनी आजीबाई सरळ कृष्णाच्या दाराशी येतात, तिथेही हात जोडतात आणि भाजीच्या पिशव्या उचलून चालू लागतात. मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली. मग तिने मला विचारलं की इथे जवळच कॅप्टन लक्ष्मीची छावणी होती ना? होती. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी सिंगापूरच्या कॅथे इमारतीत आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी याच वॉटर्लू स्ट्रीटवर झाशीची राणी रेजिमेंटचं प्रशिक्षण शिबिर उघडलं. कॅप्टन लक्ष्मी म्हणजे लक्ष्मी स्वामिनाथन त्याआधी सिंगापुरात डॉक्टरकी करत होत्या. रेजिमेंटमध्ये मोठा भरणा होता मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मुलींचा. त्यातल्या बहुतेकींनी हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता. तांब्यांच्या घरात जन्मलेल्या मनूचं नाव त्या मुलींच्या रेजिमेंटला होतं, हे मावशी मला रस्त्याच्या मधोमध उभं राहून सांगत होती आणि एक सायकलवाला घंटा वाजवत होता.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही एस्प्लनेड पार्कात गेलो. आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची कोनशिला नेताजींनी १९४५च्या जुलैत इथे बसवली आणि परत आलेल्या ब्रिटिशांनी थोड्याच आठवड्यांत ते स्मारक पाडलं. आता आहे ती १९९५ साली लावलेली खूण. तिकीट नाही, रांग नाही. समोरून पर्यटकांचे लोंढे मर्लायनच्या पुतळ्याकडे चालले होते.

खाण्याचा खर्च सिंगापुरात हॉकर सेंटर आटोक्यात ठेवतात. रस्त्यावरच्या गाड्या सरकारने छपराखाली आणून बसवल्या, आणि २०२०मध्ये युनेस्कोने ही खाद्यसंस्कृती आपल्या यादीत घेतली. टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं, आणि जेवण झालं की ताट स्वतः नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड. मावशी शाकाहारी, त्यामुळे टेक्का सेंटरमधले डोसे आणि सेरंगून रोडवरचं १९४७ सालापासूनचं कोमला विलास यांच्यावर आमची भिस्त. नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं, त्यामुळे बाटल्यांचा खर्च शून्य. कॉफी मागताना मात्र कोपी, कोपी-ओ, कोपी-सी यांचा पाढा घोकावा लागतो. ‘कोपी’ म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कची गोडमिट्ट कॉफी येते, आणि तीच मावशीला आवडली.

मुक्कामात आषाढी एकादशी आली. मावशीचा उपवास, आणि माझ्या बॅगेत राजगिऱ्याचे लाडू होते ते आदल्या रात्रीच संपलेले. टेक्काच्या बाजारातून केळी, पपई घेतली. दुपारी एका गोडाच्या स्टॉलवर ‘सागो गुला मलाका’ दिसलं. उकडलेला साबुदाणा थंड करून वाटीसारखा पाडलेला, त्यावर नारळाचं दूध आणि ताडगुळाचा काळसर पाक. मावशीने काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत एकेक विचारून खात्री करून घेतली. अंडं? नाही. मैदा? नाही.

“साबुदाणा, नारळ आणि गूळ. यात उपवास मोडण्यासारखं काय आहे?” असं म्हणून तिने दोन वाट्या घेतल्या. माझा उपवास नव्हता, पण मलाही एकच दिली.

उंचावरून शहर बघायचं होतं. मरीना बे सँड्सच्या गच्चीचं तिकीट पाहून आम्ही मुकाट्याने डक्स्टनला गेलो. तिथे द पिनॅकल नावाच्या पन्नास मजली इमारती आहेत, सात, एकमेकींना वर पुलांनी जोडलेल्या. या सरकारी घरबांधणीतल्या, सामान्य कुटुंबांच्या. सहा डॉलर भरून पन्नासाव्या मजल्यावर जाता येतं. खाली बंदरातली जहाजं, आणि मागे कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी झाली असावी असं मला वाटलं, पण तो वारा होता. म्हाडाच्या सोडतीत अर्ज भरून दमलेल्या मावशीने त्या इमारतींकडे जितकं पाहिलं तितकं बंदराकडे पाहिलं नाही. रात्री पावणेआठला गार्डन्स बाय द बेमधल्या महावृक्षांवर दिव्यांचा खेळ होतो, तोही फुकट. हजारो माणसं जमिनीवर उताणी पडून बघतात. बघून झालं की पुन्हा बघावंसं फारसं वाटत नाही.

पुलाऊ उबिन बेटावर जायची होडी चांगी पॉइंटवरून सुटते. वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की माणशी चार डॉलर घेऊन होडी निघते, आणि कुणाला आधी निघायचं असेल तर त्याने पूर्ण ४८ भरावेत. आम्ही पोचलो तेव्हा बाकावर आम्ही धरून नऊ जण होते: एक चिनी कुटुंब, दोन सायकलवाले आणि कॅमेऱ्यांच्या नळ्या गळ्यात अडकवलेले पक्षीनिरीक्षक. ऊन चढत होतं आणि नवीन कुणी येत नव्हतं. मी पिशवीतून टोपी काढली. मावशी उठली, खिडकीवरच्या काकांशी बोलली, मग बाकासमोर उभी राहून सगळ्यांना इंग्रजीत सांगू लागली की अठ्ठेचाळीस भागिले नऊ म्हणजे पाच डॉलर तेहतीस सेंट, प्रत्येकाला एक तेहतीस जास्त. पक्षीवाल्यांनी लगेच मान डोलावली. सायकलवाले कुरकुरले. चिनी आजोबांनी नातवाकडून हिशेब तपासून घेतला आणि पाच डॉलरची नोट पुढे केली.

“अग, अर्धा तास थांबलो तर तीन माणसं येतीलच की,” मी म्हटलं. मैलांच्या एका जागेसाठी रात्र रात्र लॅपटॉपपुढे बसणाऱ्या भाचीकडून हे ऐकून तिला हसू आलं.

“तुझे तास तू कधी धरतेस का हिशेबात?” ती म्हणाली, सुटी नाणी गोळा करून खिडकीत दिली आणि होडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.