मार खाऊन लिहिणारी बहिणा

गेले काही दिवस संत बहिणाबाईंचं आत्मनिवेदन पुन्हा वाचते आहे. ही आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली बाई. जन्म १६२८चा, वेरूळजवळच्या देवगाव रंगारीचा. न कळत्या वयात तिशीच्या बिजवराशी लग्न झालं. पुढे तिनं तुकोबांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राचं शिष्यत्व घ्यावं, हे नवऱ्याला सोसेना. त्यानं तिला मारलं, बांधलं. आणि हे तिनं अभंगांत सांगून ठेवलं!

घरातली गोष्ट उंबऱ्याआत ठेवायची, हे आपल्याला किती पक्कं शिकवलेलं असतं. सतराव्या शतकात तिनं ते मोडलं. तीच पुढे पतिव्रताधर्मही सांगते, तेव्हा वाचताना खटकतं. पण वेद ऐकायचा अधिकार नसलेल्या, घर सोडता न येणाऱ्या बाईला दुसरी कोणती वाट मोकळी होती?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हाही लेखिकेला विभावरी शिरूरकर हे नाव पांघरावं लागलं. पुस्तकाइतकीच चर्चा झाली ती लिहिणारी कोण याची. छत्रपती संभाजीनगर शहरात राहणाऱ्या कवयित्री अनुराधा पाटलांना २०१९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही स्वतःच्या नावावर. अंतर कापलं आहे खरं. पण नवरा, सासर, जात यांबद्दल लिहिताना आजही कितीजणींचा हात थबकतो.

बहिणाबाईंची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. तिथे हात जोडाच, पण तिचे अभंगही वाचा. संत म्हणून तिला मान मिळाला. लेखिका म्हणून अजून मिळायचा आहे.