आई, लेक आणि कॅमेरा

१९५० साली शोभना समर्थ यांनी 'हमारी बेटी' काढला आणि दिग्दर्शनही स्वतःच केलं. 'रामराज्य'मधली सीता म्हणून देशभर पुजल्या गेलेल्या या मराठी नटीला कॅमेऱ्यामागे जायचं होतं ते घरच्याच कारणासाठी. थोरल्या लेकीला, नूतनला, पडद्यावर आणायचं होतं. दहा वर्षांनी 'छबिली' काढला, तो धाकट्या तनुजासाठी. मग २०२१च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर 'त्रिभंग' आला. आजी, आई आणि नात अशा तीन बायकांची ही गोष्ट. त्यातली मधली, अनू, झाली आहे काजोल, म्हणजे तनुजाची लेक आणि शोभनाबाईंची नात. लेखन-दिग्दर्शन रेणुका शहाणे यांचं. त्याही एका लिहित्या आईची लेक. त्यांची आई शांता गोखले.

बारामती-इंदापूर भागातल्या महाविद्यालयांत मी चित्रपट रसास्वाद शिकवते. नटी दिग्दर्शक झाली की नेमकं काय बदलतं, हा माझ्या वर्गात दरवर्षी निघणारा विषय. माझ्या मते सगळ्यात आधी बदलते ती पडद्यावरची आई.

आमच्या भागात १९९१ साली 'माहेरची साडी'नं काय केलं होतं ते आजही बायका सांगतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका थेटरात जायच्या आणि डोळे सुजवून परतायच्या. त्या रडण्याला मी कधीच कमी लेखणार नाही. घरात रडायला जागा नसलेल्या बायकांना अंधारात ती मिळाली होती. पण त्या पडद्यावरची बाई सोसायची म्हणून चांगली होती. 'श्यामची आई'पासून आपल्या पडद्यावरच्या आईला हाच पास लागतो. न सोसणारी, चुकणारी, स्वतःचं काम मुलांच्या आधी ठेवणारी आई आलीच तर शेवटच्या रिळात तिला शिक्षा तरी होते, नाहीतर पश्चात्ताप तरी.

मराठी नटीनं दिग्दर्शनाची किंवा निर्मितीची सूत्रं घेणं नवं नाही. लीला चिटणीस यांनी १९५५ साली 'आज की बात' दिग्दर्शित केला. विजया मेहता यांनी 'स्मृतिचित्रे' आणि 'रावसाहेब' केले. सुषमा शिरोमणी यांनी 'फटाकडी'सारखे चित्रपट काढून गावोगावचा प्रेक्षक ओढला. स्मिता तळवलकर यांनी 'कळत नकळत'ची निर्मिती करून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला आणि १९९३ साली 'सवत माझी लाडकी' स्वतः दिग्दर्शित केला. यांतल्या प्रत्येकीवर वेगळा लेख व्हायला हवा. आज मी रेणुका शहाणे यांच्यापाशीच थांबणार आहे, कारण आईचा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही.

माझ्या पिढीला त्या दूरदर्शनवरच्या 'सुरभि'मुळे माहीत. रविवारी सिद्धार्थ काक यांच्याशेजारी बसून हसऱ्या चेहऱ्यानं देशभरच्या कलांची ओळख करून देणारी मुलगी. कार्यक्रमाच्या शेवटी प्रश्न असायचा आणि उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचं. देशभरातून येणारी कार्डं इतकी वाढली, की टपाल खात्यानं स्पर्धेसाठी वेगळं, महागडं कार्ड काढलं. वालचंदनगरच्या आमच्या गल्लीतूनही ती कार्डं जायची. मग १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्या सगळ्या देशाच्या वहिनी झाल्या. त्यांनी साकारलेली पूजा जिन्यावरून पडून जाते, तेव्हा कितीतरी घरांत खरं सुतक पाळावं तसं वातावरण होतं. असा चेहरा एकदा लोकांच्या मनात बसला, की नटीला त्याच साच्यातली कामं मिळत राहतात. शहाणे यांनी दिग्दर्शक म्हणून पहिला विषय निवडला, तो हा साचा मुळापासून हलवणारा.

'रीटा' हा त्यांचा पहिला चित्रपट २००९चा. आधार शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर' या कादंबरीचा. आईनं लिहिलेली बाई लेकीनं पडद्यावर आणली. रीटा ही घरातली थोरली मुलगी. सगळ्यांचा भार तिनं उचललेला, आणि कचेरीतल्या विवाहित वरिष्ठाशी, साळवीशी, वर्षानुवर्षांचं नातं. त्याच ओझ्याखाली ती मोडून पडते. पल्लवी जोशी रीटा झाल्या, जॅकी श्रॉफ साळवी. स्वतः शहाणे यांनी घेतली मैत्रिणीची, सरस्वतीची भूमिका. पहिल्याच चित्रपटात नटी-दिग्दर्शक स्वतःसाठी सहज मुख्य भूमिका लिहू शकते. यांनी जवळ बसून ऐकणारी बाई निवडली. दिग्दर्शक म्हणून त्यांचा स्वभाव मला तिथेच दिसतो.

'रीटा' आणि 'त्रिभंग' यांच्यात अकरा वर्षांहून जास्त काळ गेला. स्वतंत्रपणे चित्रपट करणाऱ्या बाईची कारकीर्द समजून घ्यायची तर चित्रपटांइतकीच ही मधली वर्षंही बघावी लागतात. ओळखीच्या चेहऱ्यामुळे निर्मात्याची भेट मिळते, पण अवघड बाईच्या गोष्टीला पैसा मिळेलच असं नाही. आपल्याकडे सरकारी अनुदान आहे, पण ते चित्रपट पुरा होऊन, परीक्षण होऊन, दर्जा ठरल्यावर हातात पडतं. तोवरचा खर्च कुणीतरी खिशातून घालायचा. एवढं करून चित्रपट लागला तरी तालुक्याच्या गावी त्याला मिळणार दुपारचा एखादा खेळ, तोही आठवडाभर टिकला तर. 'रीटा'सारख्या चित्रपटासाठी आमच्यासारख्यांना पुण्याची एसटी धरावी लागते. 'त्रिभंग'च्या वेळी चित्र बदललं होतं. निर्मात्यांत अजय देवगण यांची कंपनी होती, काजोलचं नाव होतं, आणि चित्रपट थेट फोनवर आला. माझ्या विद्यार्थिनींनी तो निमगाव केतकी ते बारामती अशा एसटीच्या प्रवासात, कानात इअरफोन घालून तुकड्यातुकड्यानं पाहिला आणि मग वर्गात येऊन कडाकडा भांडल्या.

या चित्रपटातली नयन ही नावाजलेली लेखिका. तन्वी आझमी यांनी तिची भूमिका केली आहे. सासूची कुरकुर चालू असताना ती लिहीत बसते आणि एके दिवशी दोन मुलांना घेऊन घर सोडते. पुढे तिच्या आयुष्यात आलेला पुरुष तिच्याच मुलीवर अत्याचार करतो आणि लिहिण्यात बुडालेल्या नयनला ते दिसत नाही. अनू आईला वर्षानुवर्षं माफ करत नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा नयन कोमात जाते. तिचं चरित्र लिहिणाऱ्या मिलननं तिच्या मुलाखती आधीच चित्रित करून ठेवल्या आहेत, आणि तिची बाजू आपल्याला त्यांतून कळते. पटकथेची ही रचना मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. आई बोलते तेव्हा लेक समोर नसते आणि लेक समोर येते तेव्हा आई बोलू शकत नाही. त्यामुळे हिंदी-मराठी चित्रपटांत हमखास येणारा तो प्रसंग, रडून गळ्यात पडून सगळं मिटवणारा, इथे घडूच शकत नाही. दिग्दर्शिकेनं समेटाची वाट कथेच्या पहिल्याच पायरीवर बंद केली आणि आईला निवाड्यापासून वाचवलं. ती दोषी आहे आणि मोठीही आहे. दोन्ही शेवटपर्यंत खरं राहतं.

पण आमच्या वर्गातलं भांडण नयनवर झालं नाही. झालं ते नातीवर, माशावर. मिथिला पालकर यांची माशा शांत, गोड. भरल्या एकत्र कुटुंबात लग्न करून गेलेली, आता गरोदर. सासरच्यांच्या इच्छेखातर तिनं गर्भलिंग तपासणी करून घेतल्याचं अनूला कळतं. अनू हादरते. तेव्हा माशा सांगते, की शाळेत पालकसभेला आईवरून तिला काय काय ऐकावं लागलं, आणि म्हणून तिला साधं, चारचौघांसारखं घर हवं होतं. आयुष्यभर आईला जाब विचारणारी अनू इथे स्वतः आई म्हणून जाब द्यायला उभी राहते.

भवानीनगरकडून येणारी एक मुलगी ताडकन म्हणाली, "मॅडम, एवढी शिकलेली पोरगी, नाही म्हणता येत नव्हतं का तिला?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "नाही म्हणून जायचं कुठं? आईकडं?" वर्ग गप्प झाला. त्या बाकावरच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ सालचा, आणि आमच्या जिल्ह्यात त्याच्यावर पोस्टर, पथनाट्य, शपथ असं सगळं करून झालं आहे. त्यातल्या कशानंही मुली अशा बोलल्या नव्हत्या. तपासणीला तयार झालेली बाई खलनायिका नाही, ती सगळ्यांत समजूतदार मुलगी आहे, हे दाखवायला धाडस लागतं. प्रचारपटाला ते परवडत नाही.

शहाणे यांनी पुढे 'लूप लाईन' हा मराठी अ‍ॅनिमेशन लघुपट केला. संसारात अडकून पडलेली गृहिणी कल्पनेत सुटका शोधते, एवढीच त्याची गोष्ट. तो २०२५ साली न्यूयॉर्कच्या भारतीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. पन्नाशी ओलांडल्यावर नवं माध्यम हाताळायचं, आणि विषय मात्र घरातलीच बाई, हा ध्यास मला फार मोलाचा वाटतो.

याउलट माझ्या विद्यार्थ्यांचे लघुपट बहुतेक वेळा उजनीच्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणाऱ्या पळसदेवच्या देवळावर असतात, नाहीतर भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर, बेलवाडीच्या रिंगणावर. ड्रोन असेल तर विचारूच नका. सुंदर असतं सगळं. पण गेल्या वर्षापासून मी अट घातली आहे की कॅमेरा घराच्या अंगणाबाहेर न्यायचा नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका मुलीनं त्यावर आईचा लघुपट केला. आई अंगणात बसून डाळिंबं निवडते, मोठी एका क्रेटमध्ये, तडकलेली बाजूला. हात थांबत नाहीत. "ह्यात काय बघायचंय गं?" असं लेकीला दोनदा म्हणते. मग बोलायला लागते. शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलेलं नाटक, मिळालेलं बक्षीस, आणि मधेच, मान वर न करता, लग्नानंतर तुझ्या वडिलांनी एकदाही विचारलं नाही मला काय येतं ते.

मुलीनं संकलनात ते वाक्य काढून टाकलं होतं. आवाज मधेच तुटल्यासारखा वाटला म्हणून वर्गानं विचारलं, तेव्हा कळलं. वाद झाला. कुणी म्हणालं घरचं बाहेर कशाला, कुणी म्हणालं त्याच्याशिवाय लघुपटात उरतं काय. तिनं आईलाच विचारायचं ठरवलं. आई म्हणाली, राहू दे, खरंच आहे ते. आता वाक्य परत आत आहे. पण त्याच्या आधी नुसत्या हातांचा थोडा लांब शॉट हवा, असं लेकीचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. तो ती मृग बहाराची फळं उतरली की घेणार आहे. वडिलांना चित्रपट कधी दाखवायचा, तेही मायलेकींनी मिळून ठरवलं आहे. मला अजून सांगितलेलं नाही.